गावच्या बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास: पेटीतल्या कागदापासून छापील पुस्तकापर्यंत

कोकणातल्या एखाद्या मंडळीला, म्हणजे गावच्या चर्चला, पन्नास किंवा पंच्याहत्तर वर्षं पुरी होत आली की स्मरणिका काढायचं ठरतं. मग पाळकांचे फोटो, शुभेच्छा, जाहिराती यांनी पानं भरतात आणि मंडळीचा इतिहास दीड पानात उरकतो. बॅप्टिस्ट मंडळीच्या बाबतीत हे फारच खटकतं. या परंपरेत मंडळी म्हणजे स्वतः साक्ष देऊन, पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतलेले सभासद, आणि निर्णय घेते ती त्यांची सभा. तेव्हा इतिहासही सभासदांच्या नोंदवहीवरून आणि मंडळी सभेच्या इतिवृत्तावरूनच उभा राहायला हवा. पाळकांची यादी परिशिष्टात गेली तरी चालेल.

या रचनेमुळे आणखी एक गोष्ट होते. बॅप्टिस्ट मंडळीच्या डोक्यावर बिशप नसतो, त्यामुळे कागदांची दुसरी प्रत जपणारं वरचं कार्यालयही बहुधा नसतं. रोमन कॅथलिक पॅरिशचं एखादं रजिस्टर गेलं तर धर्मप्रांताकडे काहीतरी सापडायची आशा असते. इथे चिटणीसाच्या माळ्यावरची पेटी वाळवीने खाल्ली की विषय संपला. म्हणून लिहायला बसण्याआधी कागद वाचवा.

आधी ठराव, मग पेटी

मंडळी सभेत रीतसर ठराव करून घ्या: इतिहास कोणी लिहायचा, कागद कोणाच्या ताब्यात राहतील, कोणत्या गोष्टी छापायच्या नाहीत हे कोण ठरवणार. तीन ते पाच जणांची समिती पुरते. त्यात एक तरी बाई असावी आणि एक तरी मुंबईकर असावा, कारण कोकणातल्या मंडळीचे निम्मे कागद आणि निम्म्या आठवणी मुंबईतल्या खोल्यांमध्ये असतात. ठराव नसेल तर जुन्या चिटणीसाच्या घरचे लोक पेटी उघडू देत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

घरोघरी फिरताना 'जुने कागद आहेत का' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही' येतं. नाव घेऊन विचारा: मंडळी सभेची वही, दानाची वही, किर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), संडे स्कूलची हजेरी, महिला मंडळाची वही, बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, दुसऱ्या मंडळीतून आणलेलं बदलीचं पत्र, लग्नातला ग्रुप फोटो, कुटुंबाचं बायबल. बायबलच्या पहिल्या-शेवटच्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यूच्या तारखा लिहायची पद्धत बऱ्याच घरांत होती, त्यामुळे ते उघडून बघितल्याशिवाय घर सोडू नका. जे उसनं आणाल त्याची पावती द्या: वस्तू, पानांची संख्या, तारीख, परत द्यायची तारीख. फोटो घेतला की त्याच आठवड्यात परत करा.

फिरतीचं काम दसऱ्यानंतर सुरू करून मिरगाच्या (जूनच्या पहिल्या आठवड्याच्या) आत संपवा. पावसात पेटी उघडली की दमट हवा कागदात शिरते, आणि माळ्यावरून खाली आणलेल्या वहीला आठवड्यात बुरशी धरते.

कागद हातात आल्यावर

पहिला नियम: लॅमिनेशन करू नका. गावोगावी मंडळींनी जुने दाखले 'टिकावेत म्हणून' लॅमिनेट केले आहेत. प्लास्टिक उष्णतेने कागदाला कायमचं चिकटतं, आतला ओलावा आणि आम्ल आतच राहतं, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि मग सोडवता येत नाही. सेलोटेपचंही तेच. त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाईवर पसरतो.

वही आली की मोकळ्या, कोरड्या जागी टेबलावर पांढरा कापड पसरून त्यावर उघडा. मऊ ब्रशने प्रत्येक पान मधल्या शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे झाडा. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढू नका, पाय सरळ करून हळूच सोडवा. नाहीतर गंजाच्या डागाबरोबर कागदाचा तुकडा येतो. चिकटलेली पानं सुरीने सोडवायच्या फंदात पडू नका, तशीच ठेवून संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. कागद भिजला असेल तर पहिले ४८ तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी हमखास येते. पंख्याखाली, सावलीत, दर दहा-पंधरा पानांमागे कोरा टीपकागद घालून वाळवा आणि टीपकागद ओला झाला की बदला. उन्हात कधीच नाही: शाई उडते आणि कागद वाकतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात छपरं नेली, जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं. असे ओले गठ्ठे घाईघाईने प्लास्टिकच्या पिशवीत भरून ठेवले की आत बुरशीच माजते.

डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. लोखंडी कपाट चालेल, पण भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून आणि जमिनीपासून वर विटांवर. जांभ्याच्या भिंतीतून पावसाळ्यात ओल पाझरते आणि वाळवीची माती भिंतीवरूनच चढते. महिन्यातून एकदा कपाट उघडून बघा. बंद कपाटात कसर सुखाने नांदते.

फोटो काढायला महागडा स्कॅनर लागत नाही. उत्तरेकडच्या खिडकीजवळ टेबल, मोबाईल स्टँडवर कागदाला समांतर, फ्लॅश बंद, पानाच्या कडा चारही बाजूंनी दिसतील एवढी जागा सोडून. कोरी पानंही घ्या, मुखपृष्ठ आणि पुठ्ठ्याची आतली बाजूही. चिटणीस लोक हिशोब आणि पत्ते तिथेच लिहीत. फाईलचं नाव त्याच वेळी द्या: वहीचा क्रमांक, पान क्रमांक, डावं-उजवं. 'नंतर देऊ' म्हटलं की चारशे फोटोंचा ढीग होतो आणि कोणतं पान कोणत्या वहीचं ते कळत नाही. तीन प्रती ठेवा: एक हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन साठवणीत, आणि एक गावाबाहेर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या सभासदाकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो ही प्रत धरू नका, तो दाबून लहान केलेला असतो.

सभासद नोंदवही कशी वाचायची

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. बॅप्टिस्ट नोंदवहीत साधारण हे रकाने असतात: अनुक्रमांक, नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि जागा, बाप्तिस्मा कोणी दिला, मंडळीत कसा घेतला, आणि शेवटी 'शेरा'. मंडळीत येण्याचे तीन मार्ग: बाप्तिस्म्याने, दुसऱ्या मंडळीच्या बदलीच्या पत्राने, किंवा पत्र नसल्यास साक्षीवर. बाहेर जाण्याचे चार: मृत्यू, बदलीचं पत्र, शिस्तीने वगळणं, आणि पत्ता नसल्यामुळे नाव कमी करणं. खरा इतिहास 'शेरा' या रकान्यात असतो आणि तोच बहुतेक लोक उतरवून घेत नाहीत.

प्रत्येक वर्षाची बेरीज-वजाबाकी करा. समजा वर्षाच्या सुरुवातीला ६२ सभासद, बाप्तिस्म्याने ५ आले, पत्राने ३, दोन वारले, चार पत्र घेऊन गेले, एक वगळला. मग वर्षअखेर ६३ यायला हवेत. वार्षिक अहवालात ७१ लिहिलं असेल तर कुठेतरी गडबड आहे. बहुतेक वेळा उत्तर मुंबई असतं: माणूस गिरणीत किंवा गोदीत लागला, पत्र न घेता गेला, आणि वीस वर्षं गावच्या यादीवर राहिला. तिकडच्या मंडळीने त्याला साक्षीवर घेतलं असेल तर तो दोन्हीकडे मोजला गेला. त्यामुळे 'सभासद' आणि 'गावात राहणारे सभासद' असे दोन आकडे वेगळे द्या.

लहान मुलं या यादीत नसतात, कारण बॅप्टिस्ट मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाही, फार तर समर्पणाची प्रार्थना करते. म्हणून बाप्तिस्म्याच्या तारखेवरून वय काढू नका, आणि सभासद संख्येची तुलना जनगणनेतल्या ख्रिस्ती लोकसंख्येशी करू नका. जनगणना घरातलं प्रत्येक माणूस मोजते. शेजारच्या प्रेस्बिटेरियन किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीच्या आकड्यांशीही नाही, कारण तिथे बालपणी बाप्तिस्मा झालेलेही मोजतात.

कोकणात हा घोळ वारंवार येतो. इथलं जुनं प्रोटेस्टंट काम मुख्यतः प्रेस्बिटेरियन. स्कॉटिश मिशनरी सोसायटी १८२३ मध्ये बाणकोटला आली, मग हर्णैला. पुढे १८७० च्या दशकात अमेरिकन प्रेस्बिटेरियन रत्नागिरीत आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेंगुर्ल्यात त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. त्यामुळे बॅप्टिस्ट मंडळीतल्या जुन्या घराण्यांची मुळं बऱ्याचदा या मंडळींत सापडतात, आणि एकाच माणसाचे दोन बाप्तिस्मे दिसतात: एक तान्हेपणी, दुसरा मोठेपणी. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एक 'चुकीची' म्हणून खोडू नका, दोन्ही तारखा द्या आणि कोणत्या मंडळीत ते लिहा.

एकाच दिवशी दहा-अकरा बाप्तिस्मे दिसले की 'मोठी जागृती झाली' असं लिहायचा मोह होतो. आधी बाप्तिस्मा कोणी दिला तो रकाना बघा. गावात दीक्षा झालेला पाळक नसेल तर उमेदवार महिनोन्‌महिने थांबत आणि पाहुणा पाळक फिरतीवर आला की सगळ्यांचा विधी एकदम होई. जून ते ऑगस्टमध्ये नोंदी नसणंही स्वाभाविक: किनाऱ्यावरची बोट वाहतूक बंद, वाटा चिखलाच्या, खाडीला गढूळ पाणी आणि ओढ. मंडळीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला की हा हंगामी आकार मोडतो. हौद केव्हा बांधला हे किर्दीतल्या सिमेंट आणि गवंड्याच्या खर्चावरून सापडतं.

आणखी एक गाठ सोडवावी लागते. नवा चिटणीस आला की तो नवी वही घालतो, हयात सभासद तेवढे उतरवतो आणि क्रमांक एकपासून सुरू करतो. मेलेले, गेलेले, वगळलेले तिथेच गळतात. त्यामुळे एका माणसाला दोन-तीन क्रमांक असतात. तक्त्यात 'वही १/४१, वही २/७' असं दोन्ही लिहा. जुनी वही सापडलीच नाही तर त्या काळातली नावं दानाच्या वहीवरून बांधता येतात, पण तिला सभासद यादी म्हणू नका. दान पाहुणेही देतात.

बायकांच्या नोंदी सगळ्यात अपुऱ्या. 'अमक्याची बायको', 'तमक्याची विधवा आई' एवढंच. त्यांची नावं मिळवणं हे समितीचं कर्तव्य समजा. लग्नाच्या रजिस्टरात नाव, वय, बापाचं नाव मिळतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार ही नोंद साक्षीदारांच्या सह्यांनिशी ठेवावी लागते. मिशनच्या शाळेचं जनरल रजिस्टर, महिला मंडळाची वही आणि थडग्यावरचा दगड हे बाकीचे तीन आधार. बायबल बाई म्हणून वाडीवाडीत पायी फिरलेल्या स्त्रियांचा पगार किर्दीत दरमहा पडतो, पण इतिवृत्तात त्यांचं नाव क्वचित येतं. किर्द चाळा.

शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख मात्र जपून वापरा. पालकांना तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून लिहीत. वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा दिसला तर ती तारीख सोडून द्या आणि वर्षही अंदाजे धरा.

इतिवृत्त

इतिवृत्त सलग वाचा. ठरावांच्या मागे लागून अधलंमधलं वाचलं तर मंडळीचा स्वभाव हाती लागत नाही. प्रत्येक सभेचं एक कार्ड करा: तारीख, हजर किती, अध्यक्ष कोण, विषय, निर्णय, मतभेद झाला का. हजेरी कमी-जास्त का झाली हे शोधा: भातकापणी, होळीचा शिमगा, आंब्याचा हंगाम, की भांडण? दोन सभांमध्ये सहा-आठ महिन्यांची रिकामी जागा असेल तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. फूट, पाळकाचा राजीनामा, किंवा साथ. १८९६ नंतरचा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा कोकणात मुंबईहून परतणाऱ्या माणसांबरोबर आला. त्या काळातली मंडळी असेल तर दफनाच्या नोंदी आणि इतिवृत्तातली शांतता एकत्र ठेवून बघा.

जुन्या वह्यांत काही मजकूर मोडीत असतो, विशेषतः जमिनीचे आणि देण्याघेण्याचे कागद. अर्धवट मोडी येणाऱ्याकडून घाईने लिप्यंतर करून घेऊ नका. मोडीत र्‍हस्व-दीर्घाचा फरक राखत नाहीत, आणि नावं हमखास चुकतात. जाणकाराकडून ओळीला ओळ लिप्यंतर करून घ्या, शंकेच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायला सांगा.

शकाची तारीख असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. आश्विन शके १८४० म्हणजे १९१८ चा शरद, पण माघ शके १८४० म्हणजे १९१९. स्थापनेचं वर्ष एकाने चुकलेल्या स्मरणिकांमागे पुष्कळदा हेच असतं. इंग्रजी तारीख मिळाली की फोनच्या कॅलेंडरमध्ये वार बघा. प्रभुभोजनाची किंवा बाप्तिस्म्याची तारीख मंगळवारी पडली तर उतरवताना चूक झाली असण्याची शक्यता मोठी.

मंडळीबाहेरचे कागद

जमिनीपासून सुरुवात करा. ऑनलाइन सात-बारा आज नाव कोणाचं आहे तेवढंच सांगतो. जागा मंडळीकडे कशी आली हे फेरफारात असतं. सात-बारावर फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले असतात. ते सगळे टिपून तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यात बरीच गावं खोती होती (खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार), त्यामुळे १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याआधीच्या कागदात मंडळीऐवजी खोताचं नाव दिसेल. जागा खोताने तोंडी दिली, मिशनने विकत घेतली, की एखाद्या सभासदाने दान केली, हे फेरफारातल्या एका ओळीवर ठरतं. इमारतीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ बघा. घरपट्टी कधीपासून लागली, छप्पर गवताचं होतं की कौलाचं, हे तिथे मिळू शकतं.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदली असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा उतारा काढा. १९५० च्या न्यास कायद्यानुसार विश्वस्त बदलले की बदल अर्ज करावा लागतो, त्यामुळे पदाधिकाऱ्यांची साखळी तिथे तारखांसह सापडते. इतिवृत्त हरवलेल्या मंडळीला हा मोठा आधार.

जिल्ह्यांची नावं सांभाळा. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघालं. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यांचे कागद वेगळ्या दप्तरात. राज्याचं मुंबईतलं पुराभिलेखागार आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड (रत्नागिरी-सावंतवाडी १८८०, कुलाबा-जंजिरा १८८३) पार्श्वभूमीला उपयोगी आहेत. जुन्या इंग्रजी अहवालांत हर्णै 'हुर्नी', वेंगुर्ला 'विंगोर्ला' आणि बाणकोट 'फोर्ट व्हिक्टोरिया' अशा रूपांत येतात. या रूपांनी शोधलं नाही तर काहीच सापडत नाही.

मिशनचे कागद कुठे शोधायचे हे मिशन कोणतं यावर ठरतं. इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं दप्तर ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजातल्या अँगस ग्रंथालयात, अमेरिकन बॅप्टिस्टांचं अटलांटामध्ये, अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं फिलाडेल्फियात, स्कॉटिश मिशनचं एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचं हार्वर्डच्या हूटन ग्रंथालयात. पत्र लिहिताना गाव, तालुका, जुना जिल्हा, वर्षं आणि मिशनऱ्याचं आडनाव द्या. 'आमच्या मंडळीची माहिती पाठवा' या पत्राला उत्तर येणं कठीण. मराठीत 'ज्ञानोदय' चाळा. १८४२ पासूनच्या या नियतकालिकात मंडळ्यांच्या बातम्या, मृत्युलेख, सभांचे वृत्तांत येत.

बऱ्याच स्मरणिका विल्यम कॅरीपासून सुरू होतात. हा इंग्लिश बॅप्टिस्ट मिशनरी मोठा माणूस: १७९३ मध्ये भारतात आला, १८०० पासून बंगालमधल्या श्रीरामपुरात राहिला, वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. पण तो कोकणात आला नाही, आणि त्याच्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं मुख्य काम बंगाल आणि उत्तर भारतात होतं. तुमच्या मंडळीशी कागदोपत्री धागा नसेल तर त्याच्यावर एक परिच्छेद पुरे. त्यापेक्षा १९७० बद्दल लिहा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्यांचं १९२४ चं युनायटेड चर्च आणि अँग्लिकन यांच्याबरोबर उत्तर भारतातले काही बॅप्टिस्टही गेले. तुमच्या मंडळीत त्यावर चर्चा झाली का, कोणता ठराव झाला, शेजारच्या मंडळीशी देवाणघेवाण त्यानंतर कशी बदलली? हा गावचा इतिहास आहे.

इमारत आणि दफनभूमी

इमारतीचं छायाचित्र घेण्याआधी छपराखाली जा. मंगलोरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. बासेल मिशनचा मंगळूरचा कौल कारखाना १८६५ चा, त्यामुळे त्या कौलाचं छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. उलट अर्थ मात्र काढू नका. वादळानंतर कौलं दुसऱ्या घरची आणून घालतात, म्हणून एका कौलावर विसंबू नये. छपराच्या चारही कोपऱ्यांतली बघा. पायाच्या दगडावरची तारीख बहुधा पायाभरणीची असते, अर्पणाची नव्हे. दोन्हींमध्ये दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं.

दफनभूमीत दिवाळीनंतर गवत कापून घेतल्यावर जा. पायात बूट घाला आणि दगड हाताने उचकटू नका, फुरसं दगडाखालीच असतं. झिजलेली अक्षरं वाचायला सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. सावलीत असलेल्या दगडावर आरशाने बाजूने प्रकाश टाका, अक्षरांच्या खोबणीत सावली पडून नाव उठून दिसतं. खडू घासणं, तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यातलं काहीही नको. जांभा सच्छिद्र असतो, ॲसिड आत मुरतं आणि दगडाचा पृष्ठभाग भुगा होऊन सुटतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. नंतर कच्चा नकाशा काढा, ओळ आणि क्रमांक द्या, निनावी थडगीही मोजा.

माणसांना बोलतं करणं

वयाने सर्वांत मोठ्यांकडे सर्वांत आधी जा. एका बैठकीला पाऊण तास पुष्कळ. एका तासाचं ध्वनिमुद्रण नीट उतरवायला पाच-सहा तास लागतात, हे धरून बैठका ठरवा. आजीला विचारायचं असेल तर सूनबाई किंवा नात बसलेली बरी, आणि घरातला कर्ता पुरुष शेजारी नसलेला बरा. नाहीतर उत्तरं तोच देतो. 'बाप्तिस्मा कोणत्या साली?' विचारू नका. 'कोणत्या पाण्यात झाला, कोण कोण काठावर होतं, अंगावर काय होतं, घरी परतल्यावर काय झालं?' असं विचारा.

साल घटनांवरून बांधा. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाला. 'भूकंपाच्या आधी की नंतर, लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं' इतकं विचारलं की दोन वर्षांच्या आत येता येतं.

खाडीतल्या बाप्तिस्म्याला भरतीचाही पडताळा आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. उपासना आटोपून दुपारी भरल्या खाडीत बाप्तिस्मा झाला असं दोघी-तिघी सांगत असतील, आणि वहीतला पुसट आकडा एका महिन्यातल्या दोन रविवारांपैकी कोणता ते कळत नसेल, तर पंचांग काढा. अमावास्या किंवा पौर्णिमेलगतचा रविवार जुळतो, अष्टमीचा जुळत नाही, कारण त्या दिवशी दुपारी खाडीत चिखल असतो. खाडी आत वळलेली असेल तर भरती थोडी उशिरा पोचते, तेवढी सूट ठेवा आणि तरीवर काम केलेल्या माणसाला विचारून घ्या.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही छापा: 'इतिवृत्तात अमुक, सभासद सांगतात तमुक'. एक पुसून टाकायचा अधिकार समितीला नाही.

काय छापायचं, काय नाही

इतिवृत्तात शिस्तीच्या नोंदी असतात: दारू, दुसरं लग्न, देवस्कीला (भगत-देवऋष्याकडे) जाणं, पैशांची अफरातफर. मंडळी कोणत्या गोष्टींना चूक मानत होती आणि ते कसं बदललं हे जरूर लिहा. नाव लिहू नका. ज्याची मुलं-नातवंडं गावात आहेत त्याचं शिस्तीचं प्रकरण पुस्तकात येणं हा अन्याय आहे, आणि मंडळीनेच त्याला पुन्हा सामावून घेतलं असेल तर दुप्पट.

जात आणि धर्मांतराची तारीख हा दुसरा नाजूक भाग. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरता आहे. छापील पुस्तकातली एक ओळ एखाद्याच्या नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या कागदांपर्यंत पोचू शकते. हयात माणसांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा आणि घराण्याची जात लेखी संमतीशिवाय छापू नका. पण जातीचा प्रश्नच गाळू नका. कोण कोणत्या वाडीतून आलं, विहिरीवर काय झालं, प्रभुभोजनाचा प्याला एक होता का, लग्नं कोणात जुळत होती, हे व्यक्तींची नावं न घेताही सांगता येतं. ते गाळलं तर उरलेला इतिहास अपुरा राहतो.

छपाई

डेमी आकारात ६४ पानं म्हणजे सोळा पानी चार फॉर्म, मजकूर साधारण १५ ते १७ हजार शब्द. गावच्या मंडळीला एवढं पुरतं. मॅपलिथो कागद ७० जीएसएमचा घ्या. फोटो एका वेगळ्या आर्ट पेपरच्या फॉर्मवर एकत्र घेतले तर स्वच्छ येतात. अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, आणि 'सूर्यवंशी'चं भलतंच काही होतं. आडनावांचं मुद्रितशोधन त्या त्या कुटुंबाकडूनच करून घ्या, सहीसह. एकाही स्मरणिकेत नावाची चूक माफ होत नाही.

शेवटी नावांची सूची द्या, बायकांच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी. मागे चार कोरी पानं सोडा. छापून झाल्यावर सहा महिने दुरुस्त्या येत राहतात: कोणाचा फोटो दुसऱ्याच्याच नावावर, कोणाची तारीख चूक, कोणाच्या घरून तेव्हा न सापडलेली वही. त्या सगळ्या एकाच प्रतीत, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून शाईने लिहा, आणि ती प्रत मूळ वह्यांबरोबर कपाटात ठेवा. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला, एक शेजारच्या मंडळीला, आणि एक मुंबईत ज्या मंडळीकडे तुमची बदलीची पत्रं सर्वाधिक गेली तिला.